उघाडीची फळी

खाडीच्या कुशीत वसलेल्या एका गावात असा एक माणूस राहत होता, की त्याचं काम कुणाच्या डोळ्यांना दिसतच नसे.

त्या गावाची ठेवणच तशी होती. भरती आली की खाडीचं पाणी वर आणि भाताची शेतं खाली. दोघांच्या मध्ये मातीचा एक लांबलचक बांध. बांधात एके ठिकाणी दोन दगडी खांब उभे होते. खांबांना उभ्या खाचा होत्या आणि खाचांत जाड सागवानी फळ्या एकीवर एक बसवलेल्या होत्या. ओहोटी लागली की दोरांनी फळ्या वर ओढायच्या, म्हणजे शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जाई. भरती लागायच्या आत त्या पुन्हा खाली सोडायच्या, म्हणजे खारं पाणी आत शिरत नसे. या दाराला गावातले लोक उघाडी म्हणत. उघाडी राखायचं काम कैतानकडे होतं. त्याच्या आधी ते त्याच्या बापाकडे होतं.

कैतान स्वभावाने चौकस. बांधावर तासन्‌तास एकट्याने बसणाऱ्या माणसाला एक तर झोप येते, नाहीतर प्रश्न पडतात. कैतानला प्रश्न पडत. बीळ पाडताना खेकडा आतली माती नेतो कुठे? पुनवेच्या भरतीला एवढा जोर कुठून येतो? ओहोटीची वेळ बगळ्याला आधीच कशी कळते? खेकड्यांनी बांधात पाडलेली बिळं तो चिकण गाळ आणि पेंढा कालवून बुजवत असे, आणि बुजवता बुजवता आतल्या खेकड्याची विचारपूसही करत असे.

गाव ख्रिस्ती होतं. शेतांच्या कडेला, बांधापासून हाकेच्या अंतरावर, पांढऱ्या भिंतींचं एक छोटं चर्च होतं आणि रविवारी सगळा गाव तिथे मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, जमे. पण भरतीला रविवार ठाऊक नसतो. तिची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि अधूनमधून नेमकी मिस्सेच्या वेळेवर येऊन बसते. अशा रविवारी कैतान बांधावर असे. वाऱ्याबरोबर चर्चमधलं गाणं येईल तेवढंच त्याच्या वाट्याला.

त्याच्या बायकोचं नाव रुझाय. रुझायचा धाकटा भाऊ जुजे. त्याचं शेत उघाडीला अगदी लागून, सगळ्यांत खोलगट जागी होतं. जुजेची जीभ तिखट. चारचौघांत तो म्हणे, "आमचे भावोजी भरतीओहोटीचे ख्रिस्ती. ओहोटी असली तर देवाचे, भरती असली तर खेकड्यांचे." लोक हसत. कैतानही हसे, पण घरी परतताना ते वाक्य त्याच्या पायांत काट्यासारखं सलत राही.

भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या, की गावात नव्या धान्याचा सण येई. त्या दिवशी मिस्सेत सगळे रांगेने वेदीकडे जात आणि आपापल्या कामाचं पहिलं फळ तिथे ठेवत. शेतकरी भाताची पहिली पेंडी आणी. कुंभारीण नवं मडकं आणी, मिठागरवाला मिठाची टोपली, चटया विणणाऱ्या बाया नवी चटई. वेदीपुढे वाकून प्रत्येक जण म्हणे, "देवा, हे माझ्या हातांचं." एवढं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. कैतान दरवर्षी जुजेच्या शेतातली एक पेंडी मागून नेई आणि ते वाक्य ओठांतल्या ओठांत पुटपुटे, कारण ते खरं नव्हतं.

एका वर्षी मात्र चर्चच्या फादरांनी सणाच्या बरंच आधी सांगून ठेवलं. मागच्या सणाला काही जणांनी बाजारातून आणलेल्या झगमगीत वस्तू वेदीवर ठेवल्या होत्या आणि ते फादरांना आवडलं नव्हतं. ते म्हणाले, उसनं नको, विकतचं नको. लहान असो, वाकडंतिकडं असो, पण ज्याने त्याने आपल्या कामाचंच आणावं.

बाकीच्यांना यात काही अवघड वाटलं नाही. कैतानला मात्र आजवरच्या सगळ्या प्रश्नांहून मोठा प्रश्न पडला. आपल्या कामाचं फळ कोणतं?

प्रश्न पडला की तो विचारत फिरे. आताही तो ओहोटीच्या वेळात गावभर विचारत फिरला. कुंभारणीला त्याने विचारलं, तुझं काम पुरं झालं हे तुला कसं कळतं? तिने एक भाजलेलं मडकं उचलून बोटाने वाजवून दाखवलं. आवाज खणखणीत आला की झालं. मिठागरवाला म्हणाला, पाण्यावर पांढरी साय धरली की कळतं. मग कैतान सुईणीकडे गेला. त्याला वाटलं, हिचंही काम हातात धरून नेण्यासारखं नाही, हिला माझी अडचण समजेल.

"मी काय कुणाचं पोर टोपलीत घालून नेऊ?" सुईण म्हणाली. "मी परसातली दोडकी नेते. लावलेली मीच असतात. देव फार चौकशी करत नाही."

कैतानच्या परसात दोडकीही नव्हती. खारा वारा तिथे काही टिकू देत नसे.

घरी येऊन त्याने रुझायला विचारलं. ती भात कांडत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "तुमच्या कामाचं फळ म्हणजे काही न होणं. भरती आली, गेली, आणि काही झालं नाही. आता ते कुठल्या टोपलीत घालून न्यायचं, ते तुम्हीच ठरवा."

कैतान आधी हसला. मग दिवसभर घरातल्या रिकाम्या टोपलीकडे त्याची नजर जात राहिली.

शेवटी तो फादरांकडे गेला. फादर चर्चमागच्या वाफ्यात भोपळ्याच्या वेलांना पाणी घालत होते. कैतानला खरं तर सणाचं विचारायचं होतं, पण समोर गेल्यावर त्याला लाज वाटली. माणूस चाळिशी ओलांडतो आणि त्याला आपल्या कामाचं फळ सांगता येत नाही, हे कसं बोलायचं? म्हणून त्याने बांधावर बसून डोक्यात घोळवलेला दुसराच प्रश्न पुढे केला.

"फादर, देवाने समुद्र एका बाजूला केला, कोरडी जमीन एका बाजूला केली. असं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला. बरोबर?"

"बरोबर."

"सातव्या दिवशी भरती आली असेल ना?"

फादरांनी झारी खाली ठेवली. "आली असणार."

"मग ती अडवली कुणी?"

 मग सरळ कबूल केलं, की हे मला माहीत नाही, विचार करून सांगतो. कैतानला ते बरं वाटलं. पण ज्यासाठी आला होता तो प्रश्न तसाच मनात घेऊन तो परत गेला.

आता त्या फळीचं सांगायला हवं. उघाडीच्या फळ्यांपैकी सगळ्यांत खालची फळी सर्वांत जास्त झिजते. तिच्यावर पाण्याचा भार सगळ्यांत मोठा आणि खाऱ्या पाण्यातली कीडही तिलाच आधी धरते. म्हणून कैतान खाडीच्या गाळात सागाची एक नवी फळी पुरून ठेवत असे. वर्षभर गाळात मुरलेलं लाकूड पाण्यात फुगत नाही आणि किडीला दाद देत नाही. त्या वर्षी जुनी खालची फळी पार पोखरली होती. सणाच्या सुमाराला पुनवेचं मोठं उधाण येतं. त्याआधी ती बदलायची, असं कैतानने ठरवलं होतं.

त्याने गाळातून नवी फळी काढली, धुतली आणि बांधावर उन्हात ठेवली. लाकूड वाळत गेलं तसा त्याला मधासारखा रंग चढला. कैतान त्यावरून हात फिरवत बसला आणि त्याच्या मनात एक विचार आला. चर्चमध्ये पवित्र ग्रंथ एका साध्या टेबलावर कापड टाकून ठेवलेला असे. वाचताना फादरांना फार वाकावं लागे. या लाकडाची एक सुरेख ठवणी होईल. ग्रंथ तिच्यावर तिरपा उभा राहील. आणि ती मी माझ्या हातांनी केलेली असेल.

तो फळी खांद्यावर घेऊन सुताराकडे पटाशी आणि रंधा मागायला गेला. सुताराने हत्यारं काढली, पण लाकूड पाहिल्यावर त्याचे हात थांबले. ही तर दाराची फळी दिसते, तो म्हणाला, दाराची फळी कापून ठवणी करणार?

"देवाच्या कामाला चांगलं लाकूड नको का?" कैतान म्हणाला.

सुताराने हत्यारं त्याच्या हाती दिली. देवाचं नाव निघाल्यावर कोण वाद घालणार?

कैतान कामाला लागला. कापून, तासून त्याने फळीचे तुकडे केले. पुढच्या बाजूला द्राक्षाचा वेल कोरला आणि पानापानांतून आरपार जाळी काढली. वेलाच्या खाली दोन मासे कोरले. हात सुताराचा नव्हता, म्हणून एक मासा दुसऱ्यापेक्षा जाडा झाला. पण कैतानला असं सुख पूर्वी कधी मिळालं नव्हतं. संध्याकाळी उठताना तो काम लांब धरून बघे. सकाळी इथवर होतं, आता इथवर आलं. बांधावर उभ्या जन्मात त्याला असं काही बघायला मिळालं नव्हतं. तिथे सकाळी जसं असे तसंच संध्याकाळी असे, आणि तसंच असणं हेच काम.

रुझाय येऊन बघत उभी राही. तिलाही अभिमान वाटत होता. एकदा तिने विचारलं, की दाराचं काय? कैतान म्हणाला, भेगांत काथ्या कोंबलाय, वरून डांबर फासलंय, अजून एक वर्ष सहज काढेल. हे त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं.

सण रविवारी आला आणि नेमकी पुनवही त्याच दिवशी होती. भरती भरदुपारी पूर्ण होणार होती. सकाळीच कैतानने सगळ्या फळ्या खाली सोडल्या, खालच्या फळीला पायाने दाबून पाहिलं, दोर बांधले. इतर कुठल्याही वर्षी अशा उधाणाच्या दिवशी तो बांधावरून हलला नसता. पण आज त्याच्याकडे न्यायला काहीतरी होतं. तो घरी गेला, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि ठवणी खांद्यावर घेऊन चर्चकडे निघाला.

चर्चच्या अंगणात लोकांनी त्याला गराडा घातला. जुजेने वेलावरून बोट फिरवलं, जाळीतून पलीकडे पाहिलं.

"भावोजी, हे तुम्ही केलंत?"

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. कैतानने नुसती मान हलवली. 

मिस्सा सुरू झाली. गाणी झाली, वाचन झालं, आणि मग फळं वाहायची रांग लागली. रांग वेदीजवळच्या बाजूच्या दारातून आत येत होती. पेंड्या एकीवर एक रचल्या जाऊ लागल्या. मडकी आली, चटया आल्या, मीठ आलं, सुईणीची दोडकी आली. सुताराने चौरंग आणला होता. पुढून एकेकाचा आवाज येत होता, देवा, हे माझ्या हातांचं. कैतान दाराशी उभा होता. त्याच्या मागेच जुजे होता.

त्या दाराबाहेर लागूनच शेतातला पाट वाहत होता. कैतानची नजर सवयीने पाण्याकडे गेली. पाण्यावरची गवताची काडी उलट्या दिशेला चालली होती. खाडीकडे जायची ती शेतांकडे चालली होती. त्याने नीट पाहिलं. तेवढ्यात पाण्यात काहीतरी चमकलं आणि उसळी मारून पडलं. ती बोय होती. बोय हा खाडीतला मासा. गोड्या पाटात तो कधी येत नाही.

कैतानला सगळं कळलं. आणि कळूनही तो हलला नाही.

त्याच्या पुढे दोनच माणसं उरली होती. ठवणी ठेवायची, ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणायचं, आणि मग पळायचं. तेवढ्याने काय बिघडणार होतं? आणि आत्ताच पळालो तर सगळा गाव मागे येईल. नवी फळी कुठे आहे असं विचारतील. गप्प राहिलो तर उधाणाला दोष देऊन मोकळे होतील. पुढचा माणूस सरकला. कैतानही एक पाऊल पुढे सरकला.

मग त्याने मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं. देवा, हे माझ्या हातांचं. जुजेची पेंडी घेऊन तो हेच वाक्य पुटपुटत असे, तेव्हा ते खोटं होतं. पण आज ते त्याहून खोटं होतं. पेंडी निदान मागून आणलेली असे. ही फळी त्याने शेतांच्या तोंडातून काढून आणली होती.

तो वळला. "जुजे," तो म्हणाला, "उघाडी फुटली. पाणी तुझ्या शेतात शिरतंय."

आणि ठवणी काखेत मारून तो पळत सुटला.

खालची फळी मधोमध दुभंगली होती. भगदाडातून खाडीचं पाणी फेसाळत आत येत होतं आणि जुजेच्या पिवळ्या भाताच्या कमरेपर्यंत चढलं होतं. कैतान पाण्यात उतरला आणि त्याने ठवणीची कोरीव बाजू त्या भगदाडावर जोर लावून दाबून धरली. द्राक्षाच्या वेलाच्या प्रत्येक पानातून पाण्याची एकेक धार निघाली. त्याने तिचा ग्रंथ टेकवायचा तिरपा भाग लावून पाहिला. तो आखूड पडला.

तोवर सगळा गाव बांधावर आला होता. फादरही आले होते. जुजे आपल्या शेताकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"नवी फळी कुठे आहे?" त्याने विचारलं. "गाळात पुरून ठेवली होती ना तुम्ही?"

कैतानने हातातली ठवणी वर केली. "ही. दाराची फळी मी कापली. सगळ्यांना दिसेल असं काहीतरी मला न्यायचं होतं."

  पाणी थांबलं नव्हतं, म्हणून त्यालाही थांबता येत नव्हतं. तो सांगू लागला, पेंढा हवा, कापड हवं, चिखल भरायला टोपल्या हव्यात, पाचर ठोकायला लाकडं हवीत, आणि हे सगळं आत्ता हवं. लोक एकमेकांकडे बघू लागले. गुरांचा पेंढा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता.

"चर्चमध्ये पेंड्यांचा ढीग पडलाय," रुझाय म्हणाली.

एक म्हातारा शेतकरी दचकून म्हणाला, त्या देवाला वाहिलेल्या आहेत, त्यांना हात कसा लावायचा? सगळ्यांनी फादरांकडे पाहिलं.

फादरांनी झगा वर खोचला. "वाहिल्या म्हणजे आता त्या देवाच्या झाल्या," ते म्हणाले. "ही शेतंही देवाचीच. त्याचं त्याला लागू दे." आणि ते स्वतःच चर्चकडे धावले.

वेदीपुढून सगळं आलं. नव्या भाताच्या पेंड्या दाण्यांसकट भगदाडात कोंबल्या गेल्या. त्यांच्यावर नव्या चटया गुंडाळून दाबल्या. मिठागरवाल्याने मीठ ओतून टाकून टोपली रिकामी केली आणि चिखल वाहायला लागला. कुंभारणीने आपली मडकी गाळाने भरून एकेक करून खाली दिली. सुताराने चौरंगाचे पाय उपटून पाचरी केल्या. सुईणीने आपली दोडकी मात्र बांधावर ठेवली. ती म्हणाली यांचा काही उपयोग दिसत नाही, आणि हाताने चिखल लिंपू लागली. कैतान आत, छातीएवढ्या पाण्यात उभा होता. कुठे काय बसवायचं ते तो सांगत होता आणि लोक तसं करत होते.

भगदाड बुजलं. खालून पाणी झिरपत राहिलं, पण झिरपणंच. बाकीची शेतं वाचली. जुजेचं शेत गेलं.

फादर लोकांना घेऊन चर्चमध्ये परतले, कारण मिस्सा अर्धी राहिली होती. चिखलाने माखलेले लोक उघड्या वेदीसमोर उभे राहिले. वेदीवर त्या दिवशी काहीच उरलं नव्हतं. कैतान गेला नाही. भरती अजून उतरायची होती.

ओहोटी लागल्यावर फादर बांधावर आले. कैतान खांबाला टेकून बसला होता. फादर त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, तुझ्या प्रश्नाचा मी विचार केला.

"सातव्या दिवशीची भरती देवानेच अडवली असणार," ते म्हणाले. "आणि तेव्हापासून रोज अडवतो आहे. घडवायचं काम सहा दिवसांत झालं. राखायचं काम अजून चालू आहे. ते होतंय म्हणून काही बिघडत नाही, आणि काही बिघडत नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाही. देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवलं, तेही नुसतं पिकवायला नाही. राखायलाही."

कैतानने विचारलं, "मग आज मी काय आणायला हवं होतं?"

"ते मी चुकीचं मागितलं, कैतान. हातात धरता येईल असंच फळ मी मागितलं. तुझी आठवणच ठेवली नाही."

"तुमच्या मागण्याने जुजेचं शेत खारवलं नाही, फादर," कैतान म्हणाला. "ते माझ्या कापण्याने खारवलं."

फादरांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही. ते खरंच होतं.

खारवलेली जमीन लवकर सुधारत नाही. उघाडी राखायच्या बदल्यात गाव कैतानला भात देई. त्यातलं अर्धं तो रुझायच्या हाती जुजेकडे पाठवू लागला. रुझाय नेऊन ठेवी, जुजे ठेवून घेई, पण कैतानशी बोलत नसे. आता थट्टाही करत नसे, आणि कैतानला ती थट्टा हवीशी वाटू लागली. पावसाळा आला की कैतान जुजेच्या शेतात पावसाचं पाणी तुडुंब साठू देई आणि ओहोटीला सोडून देई. पुन्हा साठू देई, पुन्हा सोडून देई. पाण्याबरोबर मीठ थोडंथोडं विरघळून जाई. मधूनमधून तो माती जिभेवर ठेवून बघे. एक पावसाळा गेला. माती खारटच होती. दुसऱ्या पावसाळ्यात एके दिवशी तो फळ्या ओढत असताना कुणीतरी दुसरा दोर धरला. कैतानने वळून पाहिलं, तर जुजे होता.

"केव्हा सोडायचं?" जुजेने विचारलं.

"पाण्यातला गाळ खाली बसला की," कैतान म्हणाला.

दोघं दोर धरून उभे राहिले. त्या दिवसापासून जुजे येत राहिला. हळूहळू त्याच्या तोंडची थट्टाही परत आली. खेकडे तुमच्यापेक्षा हुशार आहेत भावोजी, असं त्याने एकदा म्हणून टाकलं.

पुढे एका वर्षी जुजेच्या शेतात पुन्हा भात उभं राहिलं. लोंब्या आखूड होत्या, पण भरलेल्या होत्या. त्या वर्षीच्या सणाला भरती नेमकी मिस्सेच्या वेळेला आली. कैतान बांधावर गेला. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही.

चर्चमध्ये रांग लागली. जुजे आपली पेंडी घेऊन उभा होता. पण पुढच्या माणसाच्या आणि त्याच्या मध्ये त्याने बरीच जागा सोडली होती. रांग सरकली की तो सरके, पण ती जागा तशीच ठेवून. त्याच्या मागे दुसऱ्या गावाहून आलेला एक पाहुणा होता. मध्ये एवढी रिकामी जागा पाहून तो म्हणाला, "पुढे व्हा ना. मध्ये कुणी नाही."

"इथे माणूस आहे," जुजे म्हणाला.

पुढचा माणूस आपलं मडकं ठेवून बाजूला झाला. आता वेदीपुढे ती मोकळी जागाच आली. फादरांनी जुजेकडे पाहिलं. जुजे हलला नाही. तेव्हा फादरांनी दोन्ही हात पुढे केले आणि एखादा माणूस वाकून काही ठेवून बाजूला होईल तितका वेळ ते तसेच उभे राहिले. चाललेलं गाणंही तेवढ्यापुरतं थांबलं. मग जुजे पुढे झाला.

त्याच वेळी बांधावर कैतान खालच्या फळीवर हात ठेवून भरतीचा दाब अजमावत होता. चर्चमधलं गाणं एकाएकी थांबलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. मध्येच का थांबलं असेल, याचा तो विचार करत राहिला.

तात्पर्य: देवाला वाहण्यासाठी आपल्या कामाबाहेर काही शोधत जाऊ नये. जे राखायला आपल्या हाती दिलं आहे ते मनापासून राखणं, हीच देवापुढची भेट. ती माणसांना दिसत नसली, तरी देवाच्या वेदीवर तिची जागा राखलेली असते.